हर्णाळ्याची साक्ष

“मॅडम, आज पेपर नका वाचू,” बुधाजी म्हणाला.

बुधाजी आमच्या रेडिओ केंद्राचा शिपाई. मी आले की फाटकापाशीच तो मला आदल्या दिवशीच्या गाण्यांवर काहीतरी ऐकवायचा. त्या दिवशी मात्र तो ‘दैनिक दर्याघोष’ पाठीमागे लपवून उभा होता.

“आणा इकडे,” मी म्हटलं.

पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत मथळा होता : ‘रेडिओ गात राहिला, दर्याने पोर नेलं.’ खाली एका तरुणाचा फोटो. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून घेतलेला असावा, कारण त्याच्या खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात दिसत होता. हर्णाळे बंदरातला लवू भिकाजी मेतर, वय तेवीस. मंगळवारच्या वादळात होडी घेऊन गेला, तो आलाच नाही. गुरुवारी देह किनाऱ्याला लागला. सोमवारी संध्याकाळी आमच्या केंद्रावरून मच्छीमारांना कसलीही सूचना दिली गेली नाही, असं शोकाकुल कुटुंबीय आणि ग्रामस्थ म्हणत असल्याचं बातमीत होतं. शेवटची ओळ अशी : ‘एवढी मोठी जबाबदारी त्या संध्याकाळी एका हंगामी बाईच्या हाती होती.’

ती हंगामी बाई मी.

सत्त्याऐंशी सालचा ऑक्टोबर. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि खारेपेठच्या त्या छोट्याशा केंद्रावर महिन्यातून सहा दिवस उद्घोषक म्हणून काम करत होते. सोमवारी संध्याकाळी ड्यूटी ऑफिसर रजेवर होते. केंद्रावर आम्ही दोघंच, मी आणि काचेपलीकडे इंजिनियर. सहा वाजून वीस मिनिटांनी हवामान खात्याचा फोन आला. लाइन खरखरत होती. मी हातात आला तो कागद ओढला, ऐकू येईल तसं उतरवून घेतलं, चालू गाणं मध्येच थांबवलं आणि सूचना वाचली. अर्ध्या तासाने पुन्हा वाचली, सात वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्यांदा वाचली. घरी जाताना मला बरंसं वाटत होतं. काहीतरी उपयोगाचं काम केल्यासारखं.

पेपर घेऊन मी थेट हुद्दारसाहेबांच्या खोलीत गेले. हुद्दार आमचे केंद्र संचालक. नागपूरकडचे, उंच, कमी बोलणारे. त्यांच्या टेबलावर ‘दर्याघोष’ आधीच उघडा होता.

“सर, हे साफ खोटं आहे. मी तीन वेळा वाचलं.”

“मला ठाऊक आहे. लॉगबुकातली नोंद पाहिली मी.”

“मग आज संध्याकाळी आपण निवेदन देऊ. सांगू लोकांना.”

हुद्दारांनी चष्मा काढला. “चिंदरकर, हा माइक आपला नाही. लोकांचा आहे. त्यांना हवामान सांगायला आहे, बाजारभाव सांगायला आहे, गाणी ऐकवायला आहे. आपली बाजू मांडायला नाही.”

“आणि पेपरवाल्यांनी वाटेल ते छापायचं?”

“त्यांचा कागद त्यांचा आहे.”

मला त्यांचा भयंकर राग आला. माणूस भित्रा आहे, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

‘दर्याघोष’चे संपादक आणि मालक अप्पासाहेब वालावलकर. ते केंद्र सुरू झाल्यापासून आमच्यावर खवळलेले होते. ‘सरकारी भोंगा’ हे नाव त्यांनीच आम्हाला दिलेलं. मंत्र्यांची भाषणं आम्ही अख्खी ऐकवायचो, शेतीच्या कार्यक्रमात तीच ती उत्तरं द्यायचो, यावर ते लिहायचे, आणि खरं सांगायचं तर त्यातलं पुष्कळसं बरोबर असायचं. आम्हीच ते वाचून गुपचूप हसायचो. पण या वेळी प्रकरण हसण्यावारी जाणारं नव्हतं. एका घरातला मुलगा गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुसरा लेख आला. वालावलकरांनी कुठूनतरी लॉगबुकाची माहिती काढली होती. सूचनेची नोंद दोन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरांत कोंबलेली आहे, म्हणजे ती मागाहून लिहिली आहे, असा त्यांचा आरोप. नोंद कोंबलेली होतीच, कारण पुढच्या गाण्यांच्या ओळी मी आधीच भरून ठेवल्या होत्या. सूचना लिहिलेला कागद टोपलीत टाकला होता आणि टोपलीतला कचरा बुधाजीने जाळून टाकला होता. चालू प्रसारण टेपवर घेण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती.

इंजिनियरला मी म्हटलं, “तुम्ही तर ऐकलंत ना?”

तो बिचारा कसनुसा झाला. “मॅडम, तुम्ही गाणं थांबवून बोललात, एवढं मी सांगीन. पण मी आवाजाची सुई बघत असतो हो. शब्दांकडे माझं लक्ष नसतं.”

श्रोत्यांची दोन पोस्टकार्डं आली. एकाने लिहिलं होतं, वादळाबद्दल काहीतरी सांगत होत्या खऱ्या. दुसऱ्याने तक्रार केली होती की त्याचं आवडतं गाणं मध्येच तोडलं, हा काय प्रकार आहे. वालावलकरांनी तिसऱ्या लेखात लिहिलं, बाईंनी वाचलं असेलही काही, पण उत्तर किनाऱ्यासाठी का आपल्या दक्षिण किनाऱ्यासाठी? आमच्या कोळीवाड्यांसाठी का दुसऱ्यांच्या?

हा तिसरा लेख मात्र मला खोटा म्हणता येईना.

कारण मला आठवेना. फोन खरखरत होता. ‘उत्तर’ हा शब्दही मी ऐकला होता, एवढं पक्कं आठवत होतं. वारा उत्तरेकडे सरकेल असं म्हणाला होता का तो माणूस? का उत्तर किनारा म्हणाला होता? मी काय लिहिलं? काय वाचलं? चार दिवस मी जेवताना, केस विंचरताना, भांडी घासताना ती सूचना पुटपुटत राहिले. प्रत्येक वेळी ती निराळीच निघायची. सुरुवातीला मी ‘मी वाचलं’ असं ठणकावून सांगत होते. मग ‘वाचलं असणार’ म्हणायला लागले. एका सकाळी आईने विचारलं, “निर्मल, तुझ्या हातून खरंच काही राहिलं का गं?” आणि मी ‘नाही’ म्हणण्याऐवजी ती सूचना पुन्हा पुटपुटायला लागले.

मुंबईहून चौकशी अधिकारी येणार असं पत्र आलं. पुढच्या बुधवारी. तोवर मला माइकपासून लांब ठेवण्यात आलं होतं.

“हर्णाळ्यात कुणीतरी ऐकलंच असेल की,” मी हुद्दारांना म्हटलं. “तिथे घराघरात रेडिओ आहेत. तिथल्या चारजणांनी सांगितलं तरी पुरे.”

“ऐकलं असेल शेकडो लोकांनी. पण ज्याचा मुलगा गेला, त्याच्या घराविरुद्ध बोलायला गावातलं कोण येईल?”

“मी जाऊन बघते.”

हुद्दारांनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाले, “जा. जायलाच हवं कुणीतरी. पण भेटायला जा, चिंदरकर. साक्ष मागायला नका जाऊ.”

रविवारी दुपारच्या एसटीने मी हर्णाळ्याला गेले. स्टँडवर मेतरांचं घर विचारलं तर एका बाईने आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि मग नुसतं बोट दाखवलं. माडांच्या मधून वाट होती. घर कौलारू, पुढे खळं, म्हणजे सारवलेलं अंगण. खळ्यात एक पन्नाशी ओलांडलेला माणूस पाटावर बसला होता, उजव्या पायाला हळदीने पिवळी झालेली पट्टी. ते लवूचे वडील, भिकाजी. आई जयवंती दारात भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“मी खारेपेठहून आले,” मी म्हटलं. “रेडिओवरून.”

भिकाजींनी मान वर केली आणि लगेच खाली घातली.

जयवंतीकाकी म्हणाल्या, “आवाज वळाखलंय मी तुझो. बस.”

मी बसले. त्यांनी पाणी आणून दिलं. शेजारची दोन माणसं गडग्याच्या दगडी कुंपणापलीकडून बघत उभी राहिली. त्यातला एकजण मोठ्याने म्हणाला, “आता इलत! आधी खय हुते?” काकींनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्या मला लवूबद्दल सांगायला लागल्या. मी काही विचारलं नव्हतं. त्याला आंबट आवडायचं नाही, कोळंबीच्या कालवणातसुद्धा त्याला वेगळं वाढावं लागायचं. पोहताना तो डोळे मिटून घ्यायचा. शाळेत असताना एकदा त्याने रेडिओला पत्र धाडलं होतं, गाणं लावा म्हणून.

“लावलं होतं का?” मी विचारलं.

“लावला नाय. पण नाव सांगलेला. ‘हर्णाळ्याहून लवू मेतर.’ वर्सभर सांगत हुतो सगळ्यांका.”

त्या बोलत होत्या आणि मी मनात वाक्य जुळवत होते. ‘काकी, सोमवारी संध्याकाळी तुमच्याकडे रेडिओ लागला होता का?’ एवढंच तर विचारायचं होतं. विचारलं असतं तर त्यांनी काहीतरी उत्तर दिलंच असतं. आतल्या भिंतीवर फळी होती आणि फळीवर रेडिओ होता, मला दारातून दिसत होता. त्याच्यावर टॉवेल टाकलेला.

भिकाजी तासभर एक शब्द बोलले नाहीत. एकदाच पाय हलवताना विव्हळले. मी विचारलं, काय झालं पायाला. काकी म्हणाल्या, “शिंगाळ्या माशाचो काटो लागलो. वादळाच्या आदल्या आयतवारी. म्हणान तर ह्ये जाऊक नाय त्या दिसा.” त्यावर भिकाजी उठले आणि लंगडत घरामागे निघून गेले.

पाचच्या एसटीची वेळ झाली. मी काकींचा हात हातात घेतला.  “येते,” म्हटलं आणि निघाले. वाटेत माडाला टेकून मी रडले. लवूसाठी रडत होते का स्वतःसाठी, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

सोमवारी हुद्दारांनी विचारलं, “भेटलात?”

“भेटले. विचारलं मात्र काही नाही.”

“ठीक,” ते म्हणाले आणि फाइलमध्ये डोकं घातलं.

बुधवारी चौकशी सुरू झाली. आमच्या मीटिंगच्या खोलीत लांब टेबल, एका टोकाला मुंबईचे अधिकारी. ते मूळचे बंगळूरचे. मराठी त्यांना येत होतं, पण ऑफिसातलं. एका बाजूला हुद्दार आणि मी, समोर वालावलकर. मी त्यांना पहिल्यांदाच जवळून पाहत होते. धोतर, काळा कोट, जाड भुवया. मला वाटलं होतं चेहऱ्यावर कावेबाजपणा असेल. तसं काही नव्हतं. उलट ते दमलेले दिसत होते.

त्यांनी स्वच्छ शब्दांत आपलं म्हणणं मांडलं. “माझं या बाईंशी वैर नाही. मी हर्णाळ्याला स्वतः गेलो होतो. चाळीस माणसांच्या देखत मला सांगितलं गेलं की रेडिओवर काहीही आलं नाही. मुलाचा बाप समोर बसला होता. त्याने नाही म्हटलं नाही.”

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, “दक्षिण किनारपट्टी, हे शब्द तुम्ही उच्चारले होते का?”

मी तोंड उघडलं. ‘हो’ म्हणणं सोपं होतं. हुद्दार माझ्याकडे बघत नव्हते.

“मला खात्री देता येत नाही,” मी म्हटलं.

वालावलकरांच्या भुवया वर गेल्या. अधिकाऱ्यांनी ते वाक्य लिहून घेतलं. त्यांचं पेन कागदावर फिरत असताना बुधाजीने दार ढकललं.

“साहेब, हर्णाळ्याचे मेतर आलेत. आत सोडू?”

भिकाजी आत आले. अंगात धुतलेला सदरा, हातात काठी, पाय अजून सुजलेला. एसटी स्टँडपासून आमच्या केंद्राचा चढ ते तसेच चढून आले होते. वालावलकर पटकन उठले आणि त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे केली. “या भिकाजी, बसा. घाबरू नका. काय झालं ते सगळं सांगा साहेबांना.”

भिकाजी बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि बोलायला लागले.

“सोमवारी सांजेक ह्या बायन सांगल्यान. आमी सगळ्यांनी आयकला.”

अधिकाऱ्यांनी मान तिरकी केली. “काय म्हणतात हे?”

हुद्दार म्हणाले, “मालवणी मलाही पुरती कळत नाही. आणि चिंदरकरांनी सांगणं बरोबर होणार नाही.”

सगळ्यांचे डोळे वालावलकरांकडे वळले. ते तिथलेच, त्या बोलीतच वाढलेले. त्यांनी भिकाजींकडे पाहिलं.  त्या क्षणी ते काहीही सांगू शकले असते, निदान मला तसं वाटलं.

“हे म्हणतात,” वालावलकर हळू बोलले, “की सोमवारी संध्याकाळी या बाईंनी सूचना दिली. घरातल्या सगळ्यांनी ऐकली.”

“विचारा त्यांना, नक्की काय ऐकलं?”

भिकाजी सांगत गेले आणि वालावलकर एकेक वाक्य शुद्ध मराठीत मांडत गेले. गाणं चालू होतं. ते अर्ध्यात तुटलं, म्हणून बायको चिडली. मग बाईंचा आवाज आला. दक्षिण किनारपट्टी म्हणाल्या. छत्तीस तास म्हणाल्या. समुद्रात जाऊ नका म्हणाल्या. दुसऱ्यांदा तेच सांगितलं.

“तिसऱ्या खेपेक ती निराळा बोलली,” भिकाजी म्हणाले. आता ते माझ्याकडे बघत होते. “कागदावरचा संपला आणि मगे म्हणाली, ‘बाबांनो, जाळी गेली तर जाऊ देत. होडी लोटू नका.’”

 ते मी बोलले होते. कागदावर नव्हतं ते, लिहिलेलं काही नव्हतं. वाचून संपल्यावर माइक बंद करायच्या आधी आपोआप तोंडातून गेलं होतं आणि मी ते साफ विसरले होते. भिकाजींनी म्हटल्याबरोबर सगळी संध्याकाळ परत आली, कागद, त्यावरचं माझं तिरकं अक्षर, वरच्या ओळीतलं ‘दक्षिण’.

वालावलकरांनी तेही सांगितलं. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. “मग मुलगा का गेला?”

भिकाजींनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली.

“मी धाडलंय.”

हे भाषांतर करून सांगायची गरज नव्हती. तरी वालावलकर पुटपुटले, “मी पाठवलं.”

“जाळी घातलेली हुती. नवी जाळी. माझो पाय असो. लवू म्हणालो, बाबा, ती बाय नको म्हणता. मी म्हटलंय, तिका काय जाता सांगूक? तिची जाळी आसत काय थयसर? वारो दुपारी येतलो, तू सकाळीच जा आणि काढून आण.” ते थांबले. “तो जाईत नव्हतो. मी धाडलंय.”

हेही वालावलकरांनी वाक्यावाक्याने सांगितलं. एक शब्दही गाळला नाही त्यांनी. मी लक्ष देऊन ऐकत होते.

मग त्यांनी स्वतःच विचारलं, “भिकाजी, मी आलो होतो तेव्हा का नाही बोललात?”

“गावातलो एकजण बोललो, रेडियोवर कायच सांगूक नाय. माका बरा वाटला. चार दिस माका तेच्यातच बरा वाटला. तुमचो पेपर कोणीतरी वाचून दाखवल्यान, तेव्हापण बरा वाटला.” त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. “पण आता गावात प्वॉरा म्हणतत, रेडियो सांगतच नाय, मगे आयकूचो कित्याक? काल तिघांनी रेडियो बंद करून ठेवल्यानी. उद्या परत वारो येतलो तेव्हा?”

 अधिकाऱ्यांनी विचारलं, “घरी माहीत आहे का हे? तुम्ही पाठवलंत ते?”

“सकाळी सांगलंय बायलेक. मगे इलंय हयसर.”

चौकशी तिथेच संपली. अधिकारी मात्र कामाला चोख होते. कागद गोळा करता करता त्यांनी मला विचारलं, “म्हणजे तिसऱ्या वेळी तुम्ही मूळ मजकुरात स्वतःची भर घातलीत?”

“हो.”

“त्याचा मेमो मी देईन,” हुद्दार म्हणाले. आणि दिलाही, दुसऱ्याच दिवशी. ‘अधिकृत सूचनेत स्वतःचे शब्द घालू नयेत.’ तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. पुढच्या तीस वर्षांच्या नोकरीत मिळालेल्या कुठल्याही प्रशस्तिपत्रापेक्षा तो मला जास्त प्रिय आहे.

वालावलकर जाताना माझ्यापाशी थांबले. “बाई, तुम्ही मघाशी ‘हो’ म्हणून मोकळ्या झाला असतात, तरी मी तुमच्यावर विश्वास ठेवला नसता,” ते म्हणाले. “‘खात्री नाही’ म्हणालात तेव्हा मात्र ठेवला.” गुरुवारच्या अंकात, पहिल्या पानावर, जिथे तो मथळा आला होता त्याच जागी भिकाजींचं म्हणणं आलं. खाली वालावलकरांनी लिहिलं होतं, ‘चौकशी न करता लिहिलं ही चूक माझी.’ त्यानंतरही ते आम्हाला सरकारी भोंगाच म्हणत राहिले. मंत्र्यांच्या भाषणांवर तर फारच छान लिहायचे.

पण हे पुढचं. त्या बुधवारी सगळे गेल्यावर भिकाजी व्हरांड्यात बाकावर बसले होते. बुधाजीने त्यांना चहा आणून दिला होता. हुद्दार बाहेर आले तसे ते उठायला लागले. हुद्दारांनी त्यांना बसवलं.

“साहेबानू, माका ह्या रेडियोवर सांगाक गावात काय?”

मी ते हुद्दारांना समजावून सांगितलं. त्यांना रेडिओवरून बोलायचंय म्हणून. मला वाटलं, आता तरी साहेब खूश होतील. आमच्या बाजूने याहून मोठी साक्ष कुठली मिळणार होती? पण ते कठड्याला टेकून विचार करत राहिले.

“एका अटीवर,” शेवटी ते म्हणाले. “‘रेडिओने सांगितलं होतं’ हे वाक्य त्यात नको. आमचं नाव नको, पेपरचं नाव नको. मच्छीमारांना त्यांनी जे सांगायचं ते सांगावं.”

मला तेव्हा कळलं की हा माणूस भित्रा नव्हता. त्यांनी माझ्यासाठी काहीच केलं नाही असं मी इतके दिवस धरून चालले होते. त्यांनी माझ्या हातून साक्ष मागण्याचं पाप होऊ दिलं नाही, एवढं मोठं काम केलं होतं.

रेकॉर्डिंग दोन मिनिटांचंही नव्हतं. भिकाजी म्हणाले, मी अमुक गावचा तांडेल, होडी चालवणारा माणूस, माझा मुलगा वाऱ्यात गेला, मी जाळ्यांसाठी धाडला होता. जाळी महिन्याभरात परत विणून होतात. एवढंच. दरवर्षी हंगाम सुरू होताना आम्ही ते आठवडाभर ऐकवायचो.

त्यांना स्टँडवर सोडायला मी गेले. चढ उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. एसटीला वेळ होता. मी धीर करून विचारलं, “बाबा, मी रविवारी तुमच्याकडे आले, तेव्हा सूचनेबद्दल काहीच बोलले नाही. तरी तुम्ही कसे आलात?”

“इचारलंस नाय, म्हणान इलंय,” ते म्हणाले. “तू इचारतलंस म्हणान मी घरामागे जाऊन बसललंय. इचारलं असतंस तर मी खोटा सांगतलंय हुतंय. थयसून बघलंय, तू नुसती तिचो हात धरून बसलंस आणि गेलंस.”

एसटी आली. मी त्यांना हात देऊन वर चढवलं. रेडिओवर मी ड्यूटीच्या दिवशी चार चार वेळा ‘आम्ही आपले आभारी आहोत’ म्हणत होते. त्यांना मात्र तेवढंच म्हणायचं राहिलं. गाडी सुटेपर्यंत मी खिडकीखाली उभी राहिले, आणि ते समोर बघत बसले.

पुढच्या मे महिन्यात मी पुन्हा हर्णाळ्याला गेले. भिकाजी कुठेसे बाहेर होते. जयवंतीकाकी खळ्यात जाळं शिवत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी जागा करून दिली.

“बोलता का तुम्ही दोघं?” मी भीतभीत विचारलं.

“मी नाय बोलणय. जेवाण वाढतंय.” दोरा दातांनी तोडून त्या म्हणाल्या, “पण तेणी सांगल्यानी ता बरा झाला. माका दुसऱ्या कोणाकडसून कळला असता तर मी मेलंय असतंय.”

थोड्या वेळाने भिकाजी आले. माझ्याकडे बघून मान हलवली आणि खळ्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. साडेसहा व्हायला आले होते. काकी उठल्या. आत जाऊन त्यांनी फळीवरचा रेडिओ लावला आणि खळ्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल इतका मोठा केला. भिकाजींकडे बघितलं मात्र नाही.

माझी एसटी सुटायची वेळ झाली होती, म्हणून मी निरोप घेतला. वाटेला लागले आणि मागे सूचना सुरू झाली. आमच्या नव्या उद्घोषकाचा आवाज होता. मेतरांच्या घरातला आवाज मागे पडला, तोवर पुढच्या घरातून तोच आवाज यायला लागला. तो विरला तर तिसऱ्या घरातून. दक्षिण किनारपट्टीवर वाऱ्याचा वेग, पुढील चोवीस तास. माडांमधल्या त्या अख्ख्या वाटेवर, पहिल्या घरापासून स्टँडच्या कोपऱ्यापर्यंत, सूचनेतला एकही शब्द माझा ऐकायचा राहिला नाही. आणि खाली पुळणीच्या वाळूवर आठदहा माणसं, आणखी कुणाच्या सांगण्याची वाट न बघता, एका होडीला हात लावून ती वर ओढत होती.